काचा वर करून

चिमूरच्या लग्नबँडमधले सॅक्सोफोनवाले भाऊ मोबाइलवर ऐकून स्मूथ जॅझची एक धून शिकले होते. नवरीच्या बिदाईला वाजवू म्हणाले, आणि मला कौतुकानं ऐकवली. जॅझचे दर्दी या गुळगुळीत, कानाला गोड प्रकाराला नाकं मुरडतात, म्हणून मीही मुरडलं. "हे जॅझ नाही, लिफ्टमधलं संगीत आहे."

ते हसले. "लिफ्टमंधी कधी बसलोच नाई, भाऊ."

माझ्या बहिणीच्या बिदाईला त्यांनी सिनेमातलं नेहमीचं रडकं गाणं वाजवलं. "ती धून काऊन नाई?" मी विचारलं.

"तुम्ही जानकार मानूस. तुमच्यासमोर कसी वाजवू?"

रोज कामावर जाताना गाडीच्या काचा वर करून मी स्मूथ जॅझच ऐकतो, हे तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.