पट्टीवरचे तेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. बायकोला नाही, भावाला नाही, मठात स्वामींपुढे बसलो तेव्हाही नाही. सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हते, असे म्हणता आले असते — पण ते कुणाला पटले नसते. उमरग्यात मला ओळखणारा कुणीही सांगेल की सुरुवात कुठून करायची हे मला नेहमी कळते. लग्न असो, मयत असो, मालाच्या गाड्या लावायच्या असोत — आधी माझी यादी होते, मग काम. आमच्या घरात चूल पेटायच्या आधी माझी यादी पेटते, असे धाकटा भाऊ थट्टेने म्हणतो.

तर यादीनेच जाऊ. पहिली गोष्ट — मोटार.

तेव्हा इथे निजामाचे राज्य होते आणि तिकडे जर्मनची लढाई चालू होती. आमची अडत बरी चालली होती, भुईमूग आणि करडईची. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोलापूरहून एक जुनी मोटार घेतली. पेट्रोल कुपनावर मिळायचे, म्हणून ती चालण्यापेक्षा दाराशी उभीच जास्त असायची. तरी रोज सकाळी पूजा आटोपली की अप्पा बाहेर येऊन तिच्यावरून हात फिरवायचे, खोंडाच्या पाठीवरून फिरवावा तसा. चालवायला मी शिकलो. तिची निगाही माझ्याकडे आली. विकणाऱ्याने चार गोष्टी बजावून सांगितल्या होत्या, त्या मी पाठ केल्या होत्या. त्यातली एक अशी — इंजिनात पाणी शिरले तर आतले सगळे तेल बदलायचे, तोवर मोटार एक पाऊलही चालवायची नाही. पाणी मिसळलेल्या तेलात लोखंड लोखंडाला खाते.

हे मला माहीत होते. एवढे लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते विसरल्यासारखा वागणार आहे.

दुसरी गोष्ट — लग्न. धाकटा भाऊ शिवू याचे. मुलगी नळदुर्गाकडची, तिचे नाव गिरिजा. लग्न वैशाखात मुलीच्या गावी झाले आणि त्याच दिवशी नवरी घरी आणायची होती. सगळी आखणी माझी. नवरी मोटारीतून दारात उतरेल, तेही दिवेलागणीच्या आत — हे मी गावभर सांगून ठेवले होते. ताशेवाले वाट बघत बसणार होते. उमरग्यात तोवर कुणाची सून मोटारीतून आली नव्हती. मला त्याचे कौतुक होते? होते. अप्पांपेक्षा जास्त मला होते.

वळवाचा पाऊस वर कुठेतरी पडून गेला होता. आम्ही उमरग्याच्या अलीकडच्या ओढ्यावर आलो तेव्हा आमच्यावर थेंब नव्हता, पण ओढ्यावरच्या फरशीपुलावरून पाणी धो धो वाहत होते. काठावर गाड्या सोडून माणसे बसली होती. त्यांत आमचीच भांड्यांची गाडी होती आणि आमचा गाडीवान भीमा. तो म्हणाला, "मालक, पानी उतरू द्या की."

"किती वेळ लागंल?"

"आता पान्याला इचारून सांगू का?"

बाकीचे हसले. मी घड्याळ बघितले. "मोटार हाय भीमा, म्हैस न्हाय, बसून ऱ्हायला," मी म्हणालो. तो म्हणाला, "म्हशीला पवता तर येतंय मालक." परत हसू. त्या हसण्यानेच मी मोटार पाण्यात घातली असे म्हणू का? नाही. हसण्याच्या आधीच मी ठरवले होते.

मोटारीत मागे अव्वा, शिवू आणि नवी नवरी. पाणी पायरीला लागले, मग दारातून आत आले. मधोमध इंजिन थांबले. अव्वाने, माझ्या आईने, गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेऊन डोळे मिटले. गिरिजाने भिजलेली पाउले वर घेतली, एवढेच. पाणी जरा उतरल्यावर भीमाने दोन बैलजोड्या लावून आम्हाला पलीकडे ओढून काढले. कुणाला खरचटलेही नाही.

मी लगेच नवी आखणी केली. तिघांना भीमाच्या गाडीत बसवून पुढे पाठवले. म्हणालो, मी मोटार सुकवून मागून येतो, गावाबाहेरच्या लिंबापाशी गाठतो, तिथून पुन्हा मोटारीत बसा. भीमा बैल हाकून गेला. बाकीच्या गाड्याही त्याच्यामागून गेल्या.

आता इथे — इथे मी थोडा थांबतो. यादी इथवरच चालते.

मी एकटा होतो. प्लग काढून उपरण्याने पुसले, फुंकले, उन्हात धरले. मग तेलाची पट्टी बाहेर काढली. तुम्ही मोटार बघितली असेल तर ही पट्टी ठाऊक असेल — लांब, पोलादाची, टोकाला खुणा. नेहमी तिच्यावर काळसर तेल यायचे. त्या दिवशी आले ते दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचे. मी पट्टी धोतराच्या सोग्याला आतून पुसली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. तसेच.

नवे तेल घरी गोदामात होते. भीमाला परत बोलावून बैलांनी मोटार घरापर्यंत ओढत नेली असती, सकाळी तेल बदलले असते, तर काही बिघडले नसते. पण बैलांनी ओढलेली मोटार घेऊन मी ताशेवाल्यांसमोरून जाणार होतो का? मी? — मी पट्टी जागेवर ठेवली आणि हँडल मारले.

मोटार सुरू झाली. थोडे अंतर गेल्यावर आतून आवाज यायला लागला, कुणी बोटाच्या पेराने दार वाजवावे तसा. मी वेग वाढवला. आवाजही वाढला.

लिंबापाशी गाडी गाठली. माणसे गावाबाहेर येऊन उभी होती. ताशे सुरू झाले. अव्वा नवरीला म्हणाली, "उजवा पाय आदी ठिव गं." गिरिजाने उजवा पाय आधी ठेवला. दार लागले. मी मोटार पुढे घेतली, आणि पहिल्या घरांच्या रांगेपाशी पोचलो न पोचलो तोच आत घणाचा घाव बसावा असा आवाज झाला. मोटार थांबली. ती कायमची थांबली हे तेव्हाच मला कळले.

ताशे बंद पडले. गर्दीतली एक म्हातारी बोलली, फार मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेले — "पाय ठिवला आन् मोटार मेली गं बाई."

नवरी तिथून घरापर्यंत चालत आली.

दुसऱ्या दिवशी सगळे जागरणाने पडलेले असताना मी मोटारीखाली शिरलो. ते पांढरट तेल घमेल्यात उतरवले, गोठ्यामागच्या उकिरड्यात ओतले, वरून शेण ओढले. मग नवे तेल भरले. घाईत केले असे वाटते का? अजिबात नाही. नीट केले, नेहमीसारखे. घमेलेसुद्धा राखेने घासून ठेवले.

काही दिवसांनी सोलापूरचा मिस्त्री आला. त्याने इंजिन उघडले आणि मान हलवली. आतले सगळे भाजून निघाले होते, एक दांडा मोडून पडला होता. लढाईमुळे सुटे भाग मिळत नव्हते. तो हात पुसत म्हणाला, "पाण्यातून काढल्यावर तेल बघितलं होतं का? कसं होतं?"

अप्पा शेजारी उभे होते. अव्वा दारात होती. तिच्यामागे, पदर डोक्यावरून ओढून, नवी सून.

"ठीक होतं," मी म्हणालो.

"मग काय बोलायचं," मिस्त्री म्हणाला. "नशीब."

अव्वाने मागे वळून सुनेकडे बघितले. रागाने नाही. राग असता तर तो ओसरला तरी असता. बाजारात माल पारखून बाजूला ठेवतात, तसे तिने बघितले.

आता तुम्ही विचाराल, एवढ्याशा शब्दाने काय झाले? कुणी तिला मारले नाही, उपाशी ठेवले नाही, माहेरी धाडले नाही. पण मोटार बंद पडायला काहीतरी कारण लागत होते. अप्पांनी जुनी मोटार घेतली, हे एक कारण होऊ शकत होते. ते घरात कुणी उच्चारणार नव्हते. मी पाण्यात घातली, हेही होते. पण मिस्त्रीपुढे मी त्यातून सुटलो होतो. उरला नव्या सुनेचा पायगुण. तो बिनबोभाट बसला. तिला कुणी विचारलेच नाही.

मळणीच्या वेळी खळ्यावरची पहिली पाटी तिच्या हातून नाही. नव्या बैलांना ओवाळायला ती नाही. मालाच्या गाड्या निघाल्या की अव्वा सैपाकघराकडे तोंड करून म्हणायची, "तिला आत घ्या गं." पुढे कुणाला म्हणावे लागेना. बैलांच्या मानेवर जू चढल्याचा आवाज आला की गिरिजा हातातले काम ठेवून उठायची, धान्याच्या खोलीत जायची आणि कडी लावून घ्यायची. गाड्या वळणापलीकडे गेल्यावर बाहेर यायची. शिवू भला माणूस आहे. त्याने तिला कधी दुखावले नाही. पण तोही त्या मोटारीत होता आणि त्यानेही तो आवाज ऐकला होता. मोटार परसात ताडपत्रीखाली उभी राहिली. तिच्या गाद्यांवर आम्ही सरकीची पोती रचली.

एवढ्यावर थांबता आले असते तर कदाचित मी हे लिहिलेही नसते.

तिची आई आजारी पडली. निरोप आणला तो एका लॉरीवाल्याने. तो आमचाच माल घेऊन सोलापूरला परत निघाला होता, वाटेत तिचे गाव. दुपारच्या आत पोचली असती. मी पाच मिनिटांत सगळी तयारी केली — कपड्यांचे गाठोडे, भाकरी, पाण्याची चरवी, पुढे ड्रायव्हरशेजारी शिवूची आणि तिची जागा. लॉरी दारात सुरू करून ठेवली होती. गिरिजा उंबऱ्याबाहेर आली, लॉरीकडे बघितले आणि उभी राहिली.

थोरल्या दिराशी थेट बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. आजवर ती माझ्याशी जे बोलली असेल ते माझ्या बायकोमार्फत. त्या दिवशी ती माझ्याकडे बघून बोलली.

"अण्णा, मी बैलगाडीनं जाते. लॉरी मधीच बंद पडली तर ह्या मानसाचा खोळंबा व्हईल."

लॉरीवाला हसला. "बैठो अम्मा, कुच नै होता. ये गाडी मेरेसे नै डरती, तुमसे क्या डरेगी?"

ती हसली नाही, रडलीही नाही. तिच्या बोलण्यात गाऱ्हाणे नव्हते. कोणती गोष्ट कुठे ठेवायची हे मला जसे ठाऊक असते, तसे तिला स्वतःबद्दल ठाऊक झाले होते. अंगणात अव्वा होती, शिवू होता, बायको होती. इंजिन चालूच होते. मला एकच वाक्य बोलायचे होते — तेल पांढरे होते, मी बघितले होते. ओठांपर्यंत आले होते का? खरे सांगतो, नव्हते आले. मी मनात हिशेब केला की हे बोललो तर पुढे कशाकशाला उत्तर द्यावे लागेल. मग मी भीमाला हाक मारून बैल जुंपायला सांगितले.

बैलगाडी तिच्या गावी पोचली तोवर तिच्या आईला पुरून लोक घरी परतले होते.

ती आठवड्याने परत आली. मी ओसरीत बसलो होतो. तिने नेहमीसारखा पदर सावरला आणि आत गेली. तिच्या भाकरी थापण्याचा आवाज आला. मी कामाला लागलो.

पुढे रझाकारांचे दिवस आले आणि गेले. निजामाचे राज्य गेले, त्याचा हाली रुपया गेला. अप्पा गेले, मग अव्वा गेली. आता कुणाला भ्यायचे कारण उरले नाही, तरी मी गिरिजाला सांगितले नाही. सांगायला गेलो तर ती ऐकून घेईल आणि आत जाऊन मला चहा पाठवील — ते मला बघवणार नाही. बघा, यातही विचार माझाच.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचे लग्न झाले. पाठवणीसाठी सोलापूरहून मोटार सांगितली होती. या मुलीला गिरिजाने वाढवले. माझी बायको बाळंतपणात अंथरुणाला खिळली तेव्हापासून न्हाऊमाखू तिच्याच हातचे. मोटार दारात लागली. गिरिजाने तिची ओटी भरली, तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली आणि ड्रायव्हरने दार उघडायच्या आत ती उठून आत गेली.

मुलगी मोटारीत बसता बसता म्हणाली, "काकी कुठं गेली?"

मी ड्रायव्हरला इंजिनाचे झाकण उघडायला सांगितले. पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. तेल स्वच्छ होते.

धान्याच्या खोलीची कडी लागल्याचा आवाज आला.

"ठीक हाय," मी म्हणालो, आणि मोटार निघाली.