तळहाताचा रंग

त्यांच्याबद्दल मी लिहावं की नाही, हे मला अजून कळत नाही. मी लेखक नाही. पनवेलजवळच्या नेरे गावातल्या आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेत. त्यांना माझ्यापेक्षा जवळून ओळखणारं कुणीतरी लिहील म्हणून मी बरेच दिवस थांबलो. कुणी लिहिलं नाही. तेव्हा काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

कॉलेज सुटलं की मी पनवेलमधल्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम करायचो. नवरी गोरी करायची, नवरदेवाच्या पुटकुळ्या पुसायच्या, दोघांना बर्फाच्या डोंगरावर नेऊन उभं करायचं. एका दुपारी रुंद खांद्यांचे, उन्हानं रापलेले एक गृहस्थ आले, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी आपला उजवा तळहात मॉनिटरच्या कडेला धरला.

"ह्यो माझा हात. नि कार्डात पयला फोटो हाय, त्यो पन माझाच हात. दोनी येकसारखे दिसंपर्यंत रंग लाव."

मी फोटो उघडला. त्यातला हात हिरवट निळा होता, बघवत नव्हता. पुढच्या फोटोंत मासे होते, तेही सगळे तसेच निळे.

ते उरणजवळच्या करंज्याचे. घर मासेमारीचं, पण हे बंदरात पाणबुड्याचं काम करायचे. जहाजाच्या तळाला चिकटलेली शिंपली नि शेवाळ खरवडायची. तिथलं पाणी इतकं गढूळ की स्वतःची बोटं दिसत नाहीत, सगळं चाचपडत करायचं. वर्षातून एकदा मात्र ते सुट्टी काढून लक्षद्वीपला जात, प्लास्टिकच्या पेटीत बसवलेला छोटा कॅमेरा घेऊन. "वरीसभर आंधल्यावानी काम करतो रं कॉलेज," ते म्हणायचे, "सुट्टीत डोले वापरून घेतो." मला ते शेवटपर्यंत 'कॉलेज' म्हणायचे.

हाताची भानगड त्यांनीच मला समजावली. माणूस पाण्यात खाली जाऊ लागला की पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं, मग नारिंगी, मग पिवळा. उरतो तो निळा. म्हणून प्रत्येक जागी ते आधी आपल्या तळहाताचा फोटो काढायचे आणि मग माशांचे. हात जितका बदलला तितकाच मासा बदललेला. हात परत हातासारखा केला की मासाही माशासारखा होतो. मी लाल रंग हळूहळू वर न्यायचो, ते आपला हात पडद्याजवळ धरून बसायचे. मधेच म्हणायचे, "बस. रंग वाढवू नको, परत आन."

आणि तो क्षण! निळ्या धुक्यातून एकदम पिवळेजर्द पट्टे बाहेर यायचे, पोपटी अंगावर गुलाबी खवले उमटायचे. मी नेऱ्याचा, मासा म्हणजे ओढ्यातला नाहीतर बाजारातला. मी फोटो मोठा करून एकेक खवला बघत राहायचो.

आमच्या शेठना हे पाहवायचं नाही. "दादा, थोडा अजून मारू द्या ना रंग. फोटो कसा उठला पाहिजे!"

"शेठ, तुमी तुमच्या नवरीला पावडर लावा. माझ्या माशाला नको."

"त्यापेक्षा पापलेटचा फोटो काढा. हॉटेलवाले तरी घेतील."

"पापलेट मेल्यावर गावतो तुमाला. जित्ता कदी बगितलाय?"

दोघेही हसायचे. पण एकदा शेठ बाहेर गेल्यावर ते मला म्हणाले, "माझा बाप पन असंच बोलतो. खायाचा नाय, इकायचा नाय, त्या माशामागं कशाला फिरतो? वर बोलतो, असे मासे नसतातच, तुमी कंप्युटरवर रंगवता. साठ वर्सं दर्यात काढली त्यानं. त्याला येकदा पटायला पायजे, कॉलेज. बाकी कोनाला नाय पटलं तरी चालंल."

तशी संधी आली. पनवेलमधल्या एका मंडळानं समुद्रावर प्रदर्शन भरवायचं ठरवलं. आम्ही दोघांनी जीव लावून फोटो तयार केले. त्यांची अट एकच होती: दारात सगळ्यात आधी तळहाताचे दोन फोटो लावायचे, एक पाण्यानं निळा केलेला आणि एक परत आणलेला. म्हणजे लोकांना कळेल की रंग आम्ही लावलेला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही हॉलमध्ये शिरलो आणि जागच्या जागी थांबलो. हाताचे फोटो कुठेच नव्हते. मासे होते, पण आमचे नव्हते. पिवळा डोळ्यांत घुसत होता, निळा कपड्यांच्या निळीसारखा झाला होता, गुलाबी तर जत्रेतल्या खेळण्यांचा. मंडळाचे एक सर कौतुकानं पुढे आले. "प्रिंटवाल्याकडून जरा ब्राइट करून घेतले. पब्लिकला आवडतं. आणि हाताचे फोटो काढून टाकले हं, हात कोण बघणार?"

दादा काही बोलणार, तोच त्यांचे वडील आले. सोबत दादांची बहीण होती, ती पनवेलच्या मच्छी बाजारात बसते. म्हाताऱ्यानं एका फोटोवर बोट घासलं आणि बोटाला रंग लागला का ते पाहिलं.

"किती रंग लावलास रं?"

"बाबा, मी नाय लावला."

"मंग कोनी लावला? देवानं?"

"हा. देवानंच."

"देवाला दुसरा धंदा नाय व्हय?"

आजूबाजूचे लोक हसले. सरही हसले. म्हातारा वळला, आणि चहा कुठे मिळतो म्हणून विचारत निघून गेला. खरे फोटो कुणीतरी खोटे केले आणि त्याच फोटोंवरून बापानं मुलाला खोटं ठरवलं. मला मुठी आवळण्यापलीकडे काही करता आलं नाही. माझ्यासारख्या पोराचं तिथे कोण ऐकणार होतं?

त्यानंतर दादा स्टुडिओत एकदाच आले. मी म्हणालो, "दादा, आपण आपल्या कॉम्प्युटरवरचे दाखवू ना त्यांना."

"त्याच्यासाठी कंप्युटरवरचं म्हंजे खोटंच. जाऊ दे." कॅमेरा त्यांनी एका ओळखीच्याला देऊन टाकला होता. स्टुलावर बसलेही नाहीत. पुढे त्यांचा फोन लागेना, आणि शेठनी त्यांचे फोटो ठेवलेली डिस्क पुसून लग्नांसाठी वापरायला घेतली.

परवा मच्छी बाजारात त्यांची बहीण दिसली. मी ओळख दिली आणि दादा कसे आहेत म्हणून विचारलं. तिच्या हातातला कोयता थांबला.

"तुला म्हाईत नाय? दादा गेला. जहाजाखाली कामाला उतरला तो वर नाय आला. वरीस झालं."

मग ती खालच्या आवाजात सांगू लागली. दादा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात घरचे सगळे मालवणला एका लग्नाला गेले होते. तिथं उथळ पाण्यात, जिथं रंग अजून शाबूत असतात, पाहुण्यांना डोळ्यांवर काच लावून समुद्राखालचं दाखवतात. नातवानं हट्ट धरला म्हणून बाबाही पाण्यात उतरले.

"बोटीला धरून डोकं आत घातलं, नि काडीचनात. आमी घाबरलो. वर आले, काच काडली. मंग बोलले, अगं, हायत की! पिवले पट्टेवाले, गुलाबी, सगले हायत."

तिनं हातातल्या माशावर पाणी ओतलं.

"मी बोलले, आता कोनाला सांगताव, बाबा?"