मुठ्याचं बारसं

आमच्या घरात प्राणिशास्त्र मुलगी शिकली आणि मी खाल्लं.

टिटवाळ्याला आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, भातशेताच्या बांधात मुठे असायचे. बिळं करून राहणारे गोड्या पाण्यातले खेकडे. त्यातले जांभळट मुठे मुलीला वेगळे वाटले. कुणी नोंदलेलेच नाहीत, म्हणाली. नवी जात ठरली तर शास्त्रीय नावात आबांचं नाव घालणार होती. त्यासाठी पूर्ण वाढलेला नर हवा, त्याच्या पोटाखालच्या बारीक अवयवांवरून जात ठरते. मिळत होत्या सगळ्या माद्या. शेवटी आजारी आबांनीच बांधावर आडवं पडून, खांद्यापर्यंत हात बिळात घालून एक नर काढला.

"काय गो बाय, याचा बारसा कवा?"

"पेपर छापून आला की, आबा."

वर्तकनगरच्या आमच्या घरी तिने तो डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवला आणि तो बुडवून टिकवायला कॉलेजातून स्पिरिट आणायला गेली. वर चिठ्ठी: 'नर, टिटवाळा'. दुपारी मी घरी एकटाच. वाटलं, आबांनी माझ्यासाठी धाडला. नर म्हणजे नांग्या भरलेल्या, एवढं प्राणिशास्त्र मलाही येतं. रस्सा चांगला झालेला, हे सांगायला नको, पण झालेला.

"पप्पा, कवच तरी?"

"कचऱ्याची गाडी येऊन गेली गं."

ती रडली नाही. चिठ्ठी तेवढी ओट्यावरून उचलून घेतली.

दुसरा नर शोधायला आम्ही गेलो तेव्हा बांधच नव्हता. जमीन बिल्डरला दिलेलीच होती; जेसीबीने सगळं सपाट करून वर मुरूम टाकलेला. आबा तोवर अंथरुणाला खिळलेले. गेलं की विचारायचे, "नाव ठेवलास का?" ती म्हणायची, "होईल, आबा." मी खाल्ला, हे तिने त्यांना कधीच सांगितलं नाही.

एकदा मलाच राहवलं नाही. "ठेवलं, आबा. तुमचंच."

"बोल बघू."

मी त्यांच्या नावाला शेवटी, शास्त्रीय नावांत असतो तसा, 'आय' जोडून काहीतरी लॅटिनसारखं म्हटलं. आबा हसले. "इंग्लिशमदी बरा वाटतं," म्हणाले, आणि पुन्हा म्हणायला लावलं. मुलगी उठून बाहेर गेली.

आबांच्या बाराव्यानंतर ती बरणीतल्या माद्यांचं लेबल नव्याने लिहीत होती. खेकड्याच्या वंशाच्या, म्हणजे जीनसच्या, नावापुढे 'एसपी'.

"एसपी म्हणजे आबा का?" मी विचारलं.

"नाही, पप्पा. नाव ठेवता आलं नाही की तसं लिहितात."