पोपटाच्या पंखाखालचा अंगठा

माझे वडील गवंडी. लाटंबार्शात आमच्या पायरीसमोर जे देऊळ दिसतं, त्याच्या शिखरावरचा चुन्याचा पोपट त्यांच्या हातचा. देवाच्या घरावर गवंड्याने नाव घालायचं नसतं, म्हणून त्यांनी पंखाखाली ओल्या चुन्यात अंगठा दाबला होता, असं आई सांगायची. वडील गेले, आणि यंदा जीर्णोद्धारासाठी शिखर पाडायचं ठरलं, सोमवारी. देव हलवल्याशिवाय वर पाय ठेवायला मनाई, आणि देव हलले की लगेच घण. "माका तो आंगठो येकदा दाखय," एवढंच आईचं मागणं.

मी लग्नांचे फोटो काढतो. कॅमेरा मीडियम फॉरमॅटचा, फोटो भिंतीएवढा केला तरी फुटत नाही. त्याची लांबचं जवळ आणणारी टेली लेन्स मला परवडणारी नव्हे, म्हणून दुसऱ्याच कंपनीची जुनी, साडेतीन किलोची लेन्स अडॅप्टरची कडी मध्ये घालून बसवली. लेन्सला ट्रायपॉडवर धरणारा पट्टा आधीच्या मालकाने हरवलेला. खरं तर वजन लेन्सचं, तर आधारही लेन्सला हवा. पण मी उंटावरचा शहाणा! रविवारी सकाळी ट्रायपॉडवर कॅमेरा आवळला आणि लेन्स तशीच पुढे लोंबत ठेवली. वजनाने अडॅप्टरचे स्क्रू ढिले झाले आणि लेन्स तिरकी झुकली. फोटोत चोच स्वच्छ, पंख पुसट. हाती एकच दिवस, आणि हा माझा शहाणपणा. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

स्क्रू आवळले आणि लेन्सखाली काजूबियांची पिशवी ठेवली. एप्रिलात आमच्या अंगणात दुसरं काय सापडणार? बिया करकर सरकल्या, पोपट चौकटीबाहेर.

आई पायरीवरून बघत होती. "इतको शिकलस आणि बियांर वजन ठेवतस? भात भर पिशयेत. भात बसता."

कणगीतलं न सडलेलं, टरफलासकटचं भात भरलं. लेन्स त्यात बसली ती हललीच नाही.

फोटो संगणकावर मोठा केला. पंखाखाली खड्डे दोन होते. एक रुंद, त्याला लागून एक लहान.

"हो लहान कोणाचो गे?"

आईने आधी दाराकडे बघितलं.

"माझो. चुनो मीच वर नेय होतंय. तुझ्या बापाशीन हात धरून दाबल्यान. बायल माणसान शिखरार चडूचा नाय म्हणतत, म्हणान कोणाक सांगूक नाय."

मला रडू आलं.

"फोटो मोठो कर," ती म्हणाली. "भिंतीएवढो. उद्यापासून शिखरच नाय. आता माका कोण उतरवतलो?"