आमेनची घाई

कुलूपवाल्या आजोबांच्या बायकोला प्रार्थनेला बसवणं सोपं होतं, उठवणं कठीण. जेवणाच्या टेबलावर तिने डोळे मिटले की ती सगळं जग फिरून यायची. चर्चमधली आजारी मंडळी, वरच्या मजल्यावरची एकटी शिक्षिका, शेजारणीचा दमेकरी नवरा, मग मुलगा, सून, मुलगी, जावई आणि नातवंडं, वयाप्रमाणे. तोवर सूप वाफा सोडून सोडून दमलेलं असायचं.

बरं, नुसतं मागणं असतं तर गोष्ट वेगळी. लेकी बोले सुने लागे म्हणतात. ही बाई देवाशी बोले आणि अख्ख्या घराला लागे. "प्रभू, थोरल्याला दाढी करायची सुबुद्धी दे," असं ती म्हणाली की थोरला मिटल्या डोळ्यांनी गालावरून हात फिरवायचा. एकदा मुलीच्या ओळखीचा एक वायरमन जेवायला आला होता. बाईंनी डोळे मिटले. "प्रभू, हा मुलगा तीन रविवार काहीतरी विचारायला येतो आणि पाणी पिऊन जातो. आमची मुलगी स्वयंपाकघरात कधीच हो म्हणालीय. एकदाचं वदवून घे त्याच्याकडून." वायरमनचा जावई झाला. विचारायचं मात्र राहून गेलं ते राहूनच गेलं.

पण तिची भक्ती तोंडापुरती नव्हती, हेही सांगायला हवं. शिक्षिकेचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा हिने सात महिने दर शनिवारी वर जाऊन तिचे केस धुतले. आज ज्याचं नाव प्रार्थनेत आलं, उद्या त्याच्या दारात ही डबा घेऊन उभी. आजोबा म्हणायचे, "देवाला सांगितलंस ना? मग करू दे की त्याला." त्यावर ती म्हणायची, "त्याला एकट्याला किती ठिकाणी जावं लागतं."

आजोबांचं किल्ल्यांचं दुकान जेमतेम चार फूट रुंद, आणि बोलणं त्याहून अरुंद. एक्कावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी मोठ्याने प्रार्थना म्हणून केली नाही. त्यांच्या वाट्याला एकच शब्द, आमेन, आणि तोही ते वेळेआधी उरकायचे. कारण यादीत शेवटचं नाव त्यांचं. "आणि प्रभू, ह्यांना..." एवढ्यावर ती आली रे आली की आजोबा आमेन टाकायचे, पोरंबाळं री ओढायची, आणि चमचे वाजायला लागायचे. ती डोळे उघडून नवऱ्याकडे एकदा बघायची आणि सूप वाढायला घ्यायची. एकदा तिने डाव टाकून त्यांनाच पहिलं घेतलं. "प्रभू, ह्यांना..." "आमेन." त्या दिवशी सूप कधी नव्हे ते गरम मिळालं.

शेवटच्या आजारात, हॉस्पिटलच्या खाटेवर, तिने हिशेब सरळ केला. "अहो, माझ्यामागे टेबलावरची प्रार्थना तुम्ही करायची. थोरला भाषण ठोकतो, आणि पाळकसाहेब पडले पाहुणे."

"बघू."

"बघू नाही. हो म्हणा."

आजोबा हो म्हणाले. चौथ्या दिवशी ती गेली.

दिलेला शब्द आजोबांच्या छातीवर दगडासारखा बसला. मोडला तर वर गेल्यावर तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि तिथे आमेन म्हणून विषय संपवताही येणार नव्हता. त्यांनी दुकानात टांगलेल्या किल्ल्यांसमोर तीन दिवस सराव केला. एक गिऱ्हाईक तर "मला काही म्हणालात का?" असं विचारून, किल्ली न घेताच निघून गेलं.

रविवारी तिच्या स्मरणाची उपासना झाली आणि सगळे घरी जेवायला आले. सुनेने सूप वाढलं. पाळकसाहेबांनी घसा साफ केला. थोरल्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"थांबा," आजोबा म्हणाले. "माझी पाळी आहे."

त्यांनी डोळे मिटले आणि पाठ केलेलं सगळं पार पुसलं गेलं. मग दुसरं काही सुचेना म्हणून ते तिच्या वाटेने निघाले. चर्चमधली आजारी मंडळी. वरची शिक्षिका. दमेकरी शेजारी. एक्कावन्न वर्षं भुकेल्या पोटी ऐकलेली यादी तोंडपाठ झाली होती, याचा त्यांना आजवर पत्ताच नव्हता. थोरल्याचं नाव आलं तसा त्याचा हात आपोआप गालाकडे गेला. सून, मुलगी, जावई, नातवंडं, वयाप्रमाणे.

तिची यादी त्यांच्यापाशी संपायची, त्यांची तिच्यापाशी आली.

"आणि प्रभू, हिला..."

ते कुणाच्या तरी आमेनची वाट बघत राहिले. कुणीही म्हटलं नाही. धाकटी नात तोंड उघडणार होती, पण तिच्या आईने तिचा हात दाबून धरला. आजोबांना एकट्यालाच पुढे जावं लागलं.

"ही माझ्यासाठी रोज काय मागायची, ते मी कधी ऐकून घेतलं नाही. चुकलं माझं. जे काय मागत होती, ते दे मला. आणि ती सुखात असू दे. मला फार आठवण येते तिची." मग त्यांनी थोडं थांबून, पहिल्यांदाच वेळेवर म्हटलं, "आमेन."

सगळे डोळे पुसत होते. सून पदराने नाक पुसता पुसता हसायला लागली.

"बाबा, आई ते वाक्य रोज स्वयंपाकघरात येऊन पुरं करायच्या. मी ऐकलंय."

"काय मागायची?"

"'ह्यांना थोडा धीर दे. सूप काही पळून जात नाही.'"

आजोबांनी चमचा उचलून सूप तोंडात घातलं. ते पार गार झालं होतं. "गरम करून आणू का?" सुनेने विचारलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं, आणि सावकाश, एक थेंब न ठेवता, सगळं संपवलं.