मायचे पेळू

माझी माय आयुष्यभर स्वतःच्या सुताचं लुगडं नेसली. म्हणजे रोज सकाळी पेटीचरख्यावर सूत कातायचं, त्याच्या गुंड्या करून खादीच्या दुकानात द्यायच्या आणि बदल्यात जेवढं कापड मिळेल तेवढंच अंगाला लावायचं. माझ्या लग्नात साऱ्या बाया जरीकाठाचं नेसून मिरवून राहिल्या होत्या आणि नवरीची माय जाड्याभरड्या पांढऱ्या लुगड्यात. मला इतकी लाज वाटली होती की मी तिच्याशी धड बोलले नाही. तिनं मनावर घेतलं नाही. "जेवढं कातीन तेवढंच नेसीन," ती म्हणाली. "कातनं बंद, तर नवं लुगडं बंद." या बाबतीत तिच्याशी वाद घालायची बाबांची पण छाती झाली नाही.

बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी बँकेतून रिटायर झालेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला, नवरा पेपर वाचून संपला की परत तोच पेपर वाचणारा. घरात दिवसभर चरख्याची घरघर असायची. मी कधी कधी वैतागून म्हणायची, माय, जरा दम घे. पण खरं सांगते, ती घरघर चालू असली की मला घरात सगळं ठीक आहे असं वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर तिचं सूत तुटायला लागलं.

आधी मी लक्ष दिलं नाही. सूत तुटतं, जोडायचं असतं. पण आता जोडलं की तुटायचं, परत जोडलं की परत. घरघर सुरू व्हायची अन् लगेच थांबायची. एके दिवशी मी स्वयंपाकघरातून डोकावले तर माय चरख्यासमोर बसून आपला डावा हात उलटासुलटा करून पाहत होती. "माह्या बोटांतलं गेलं वं," ती म्हणाली.

मी तिला रामदासपेठेत डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिला हात पुढे धरायला लावले, बोटं नाकाला लावायला सांगितली आणि म्हणाले, थोडा कंप आहे, या वयात असायचाच. वय मला पण समजते, मी म्हटलं, हिचं सूत तुटते त्याचं सांगा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू पेशंट मीच आहे. गोळ्या लिहून दिल्या. रिक्षात माय म्हणाली, "काहून भांडते त्याच्याशी? तो का सूत काततो?"

आता यात एक गोष्ट होती आणि मी तिलाच धरून बसले. मायचा कापूस कळमेश्वरकडून, माझ्या मामेभावाच्या शेतातून येतो. तो जिनिंगमधून सरकी काढून आणून द्यायचा आणि आमच्या गल्लीच्या टोकाचा म्हातारा पिंजारी तो पिंजून द्यायचा. कापूस पिंजून मोकळा केल्याशिवाय कातता येत नाही. त्या पिंजलेल्या कापसाच्या, काडीवर वळून, बोटाएवढ्या सुरळ्या करायच्या, ते पेळू. म्हातारा मागच्या उन्हाळ्यात वारला. त्यानं पिंजलेल्या कापसाचे पेळू दिवाळीपर्यंत पुरले. नंतरचा कापूस त्याच्या मुलानं मशीनवर पिंजून दिला होता आणि सूत तुटायला लागलं ते नेमकं तेव्हापासून. म्हणजे हात नाही, कापूस खराब. मी मायला तसं सांगितलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मला चैन पडेना. मी एक पेळू स्वयंपाकघरात नेला, चिमट्यात धरला आणि गॅसवर पेटवला. कापूस कागदासारखा जळतो, मागे नुसती राख राहते. हा अर्धा जळला आणि अर्धा वितळला. चिमट्याला काळा टणक मणी चिकटला, प्लास्टिकचा वास सुटला. पॉलिस्टर! त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा नात झाली तेव्हाच झाला असेल. मी तशीच चपला घालून गल्लीच्या टोकाला गेले.

त्या मशीनवर दिवसभर गाद्या-उशांचा माल पिंजत होते. जुना कापूस, फायबर, सगळं एकातच. आधीच्या मालाचा उरलेला फायबर मायच्या कापसात आला होता. मी पिंजाऱ्याच्या पोराला चांगलं फैलावर घेतलं. तो बिचारा डोक्यावरचा कापूस झटकत म्हणाला, "काकू, गादीले चालते नं. सूत कोन कातते आता?" माझी माय कातते, मी म्हटलं, आणि पिंजायचा उरलेला कापूस उचलून घरी आले.

मायला तो काळा मणी हातात दिला. तिनं तो नखानं खरवडून पाहिला, वास घेतला. "असं हाये होय," ती म्हणाली. मग स्वतःहून चहा मागितला, आलं घालून. चहा पिता पिता म्हणाली, "मले वाटलं मीच संपली वं." मी हसले.

आता पिंजायचं कोणी, हा प्रश्न. माळ्यावर मायची कापूस पिंजायची जुनी धनुकली होती, तिची तात, ताणून बांधलेली दोरी, उंदरांनी कुरतडलेली. सूत कातणाऱ्या एका बाईनं फोनवर सांगितलं की बारीक तारांचे दोन ब्रश घ्या, एकावर कापूस पसरा, दुसऱ्यानं ओढा. तसे ब्रश मिळाले ते कुत्र्यांच्या सामानाच्या दुकानात. दुकानदारानं विचारलं, कोणत्या जातीचा आहे? मी म्हटलं, वऱ्हाडी.

माय हसली नाही. "आता कुत्र्याच्या फणीनं कापूस पिंजशीन?" म्हणाली. पण समोर बसून शिकवलं. आधी कचरा वेच. दाबू नको, भांडे घासून राहिली का? तार तारेले लागली नाही पाहिजे. माझे पहिले पेळू तिनं उलगडून टोपलीत टाकले, चरख्याला लावलेच नाहीत. "गाठी हायेत," एवढंच. संध्याकाळी माझे खांदे भरून यायचे, नवरा नाकातोंडाला रुमाल बांधून पेपर वाचायचा. मी रोज बसायची. भाजी फोडणीला टाकून बसायची, टीव्ही लावून बसायची. एकदा तिच्या हाती चांगला कापूस पडू दे, मग पाहू, हेच डोक्यात. त्या डॉक्टरला सुताची गुंडी नेऊन दाखवायची, असं पण ठरवून टाकलं होतं.

मग एके दुपारी पेळू जमले. मलाच कळलं. हातात घेतले तर वजनच नाही, उजेडात धरले तर आत एक गाठ नाही. माय झोपली होती. तिच्या पुढे ठेवायच्या आधी एकदा पाहावं म्हणून मी तिच्या चरख्यावर बसले. लहानपणी तिनं मारून मारून शिकवलं होतं ते हातात होतं. सूत निघालं. बारीक, लांब, सरळ निघत राहिलं, माझ्यासारख्या आडदांड बाईच्या हातून पण तुटलं नाही. मी ते चातीवर, म्हणजे चरख्याच्या टोकदार सळईवर, गुंडाळत गेले. तेवढ्यात गॅसवाल्यानं बेल वाजवली.

सिलिंडर घेऊन, जुनं देऊन परत आले तर माय उठून चरख्यावर बसली होती. माझा पेळू तिच्या डाव्या हातात होता. मी दारातच थांबले. घरघर सुरू झाली. थांबली. तिनं जोडलं. परत तुटलं. तिनं पेळू बदलला, चष्मा नाकावर वर सरकवला, पाठ ताठ केली, आणि मला लांबून दिसत होतं, सूत ताणलं जायच्या आधी तिचा हात हलकेच झटका खात होता आणि त्याच झटक्याला सूत तुटत होतं.

"माय, राहू दे," मी म्हटलं. "माझ्याच गाठी राहिल्या. उद्या परत पिंजते."

चातीवर तिच्या तुकड्यांच्या खाली माझं सूत दिसत होतं. तिनं तुकडे बाजूला सारले, खालच्या सुताचं टोक काढलं आणि ओढत ओढत खिडकीच्या उजेडापर्यंत नेलं. दोन्ही हातांत धरून ताणून पाहिलं. तुटलं नाही.

"हे कोनं कातलं?"

मी आयुष्यभर तोंडाळ म्हणून ओळखली गेले. माझ्या तोंडाला बँकेचे मॅनेजर भ्यायचे. त्या वेळी एक खोटं पटकन सुचलं नाही.

"मी."

"याच पेळूचं?"

"हो."

तिनं सूत परत चातीवर गुंडाळलं, हळूहळू, तुटू न देता. मग मांडीवर पडलेले कापसाचे तंतू वेचून टोपलीत टाकले आणि म्हणाली, "मंग कापूस बरा हाये."

मी तिच्याशेजारी खाली बसले. आता भांडायचं तरी कोणाशी.