बादशहा ओ देत नाही

तिसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर होती. डाव्या दारात गुंडाताई एकटी राहायची आणि उजव्या दारात तिची सख्खी धाकटी बहीण, नवऱ्यासकट. मध्ये चार पावलांची मोकळी जागा. ती चार पावलं ओलांडून दिवसभर कात्री, वर्तमानपत्र, निरोप आणि टोमणे यांची ने-आण चालायची.

गुंडाताई हे नाव जिन्यातल्या पोरांनी ठेवलेलं. गुंडगिरीशी त्याचा संबंध नव्हता, निदान थेट नव्हता. लोकरीचे गुंडे तिच्या घरात खुर्चीवर, उशीखाली, फ्रीजवर, क्वचित फ्रीजमध्येसुद्धा सापडायचे. तीस वर्षं ती दुकानांसाठी लहान मुलांचे स्वेटर विणत होती, आणि विणताना मोजायची ते आत्याने शिकवल्याप्रमाणे. आत्याचा दंडकच होता: उलट टाका मनात मोजायचा, सुलट टाका मोठ्याने. आत्या आत स्वयंपाक करायची, पोरी बाहेरच्या खोलीत विणायच्या, आणि कोणती पोर चुकली ते तिला भिंतीपलीकडून कळायला हवं असायचं. आत्या गेली, भिंती बदलल्या, सवय काही सुटली नाही. दोघींचीही. "हं-हं-सुलट! हं-हं-सुलट!" शेवटच्या 'लट'वर आवाज असा चढायचा, की जणू कंडक्टर झोपलेल्या माणसाला त्याचा स्टॉप आल्याचं सांगतोय.

धाकटीत वाईट असं काही नव्हतं, आणि ताईची मुख्य तक्रार तीच होती. लहानपणी आईच्या मांडीवर जागा धाकटीला. शाळेत बाईंची लाडकी धाकटी. पाहुणे आले की "आणि ही धाकटी का? किती गोड!" आणि मग ताईकडे वळून, "तू केवढी उंच झालीस!" उंच! जशी काही शिडीच. धाकटी कधी काही मागायची नाही, सगळं आपणहून चालत तिच्याकडे जायचं. भाजीवालासुद्धा तिला वर चार मिरच्या टाकायचा आणि ताईला म्हणायचा, "बाई, उचलून उचलून बघू नका."

या सगळ्या हिशेबात ताईच्या बाजूला एकच जमा होती, ती म्हणजे म्हातारा. हा तिचा कुत्रा. दाढी जन्मतःच पांढरी, म्हणून पिल्लू असल्यापासून म्हाताराच. चौदा वर्षं तो ताईच्या पायांवर बसला, आणि चौदा वर्षांत त्याने ती चार पावलं एकदाही ओलांडली नाहीत. धाकटी आपल्या दारात बिस्कीट घेऊन उभी राहायची. "ये रे माझ्या राजा, ये ना!" म्हातारा मान वळवून ताईकडे बघायचा, 'ही कोण?' अशा चेहऱ्याने. ताई वरवर म्हणायची, "जा रे, एवढी बोलावतेय मावशी." तो जायचा नाही. त्या क्षणी ताईला जे वाटायचं, ते तिने कोणापुढे कधी कबूल केलं नसतं.

मग एका दुपारी, गुलाबी स्वेटरची बाही अर्धी असताना, म्हातारा तिच्या पायावर डोकं ठेवूनच गेला. ताई बाही पूर्ण होईपर्यंत उठली नाही. उठायचं तर पाय हलवावा लागला असता.

दोन महिने ती नुसती विणत होती. शेवटी धाकटी म्हणाली, "ताई, एखादं पिल्लू आण ग. तो बेवारस प्राण्यांचा आसरा आहे ना, तिथे खूप आहेत बिचारी."

"आता कुत्रं नाही. विषय संपला."

"बरं. मग मीच आणू म्हणते एक. यांनाही हौस आहे."

ताईची सुई थांबली. धाकटीच्या घरात कुत्रं! म्हणजे रोज सकाळी उठून धाकटीच्या पायांवर बसलेलं कुत्रं बघायचं! दुसऱ्या दिवशी आसऱ्याचं फाटक उघडायच्या आधी ताई फाटकापाशी हजर होती.

आसऱ्याच्या बाई बुटक्या, खणखणीत, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणाऱ्या. "एकट्या राहता? असं का? एकट्याच? आधी कुत्रं होतं? असं का? किती वर्षं?" त्यांनी एक तपकिरी पिल्लू दाखवलं. बांधकामावरच्या पाइपात अडकलेलं सापडलं होतं, एक कान उभा, दुसरा पडलेला. "चाळीस दिवस तुमच्याकडे राहील. मग मी घरी येऊन बघणार. नावाने हाक मारली की आलं पाहिजे. आलं तर ते तुमचं. दुसऱ्याच कोणाला लागलं असेल, तर मी त्याच्या नावावर करते, मला रुसवेफुगवे चालत नाहीत. चालत नाहीत हं!"

ताईने नाव ठेवलं बादशहा. फासळ्या मोजता येतील असा बादशहा. घरी आल्या आल्या तो लोकरीच्या टोपलीत जाऊन झोपला, आणि ताईला वाटलं, जमलं. तेव्हा तिच्याकडे बावीस स्वेटरांची मोठी मागणी होती, सगळे एका मापाचे, मरून रंगाचे. ती सकाळपासून विणायची, "हं-हं-सुलट!" आणि पिल्लू टोपलीतून तिच्याकडे टकामका बघत बसायचं. बोलायला तिला फुरसत कुठे होती! दिवसातून दोनदा जेवण पुढे ठेवताना "घे रे बादशहा" म्हणायची, तेवढंच. मध्येच थांबून त्याचं डोकं खाजवायची, पुन्हा "सुलट!" आणि पुन्हा खाजवणं. तीन आठवडे छान गेले.

बाविसाव्या दिवशी ती अंघोळ करून बाहेर आली तर खोलीत कोळ्याने जाळं विणावं तशी मरून लोकर पसरलेली. टेबलाचा पाय, खुर्ची, दाराची मूठ, आणि मधोमध बादशहा, तोंडातून दोरा लोंबतोय. ताईने दोरा ओढला. येतोय, येतोय, संपतच नाही! तिने त्याला उचललं आणि तशीच डॉक्टरकडे पळाली, एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात स्लिपर.

डॉक्टर म्हणाले, "वाचला. पण पुन्हा पोटात गेली तर आतड्याला पीळ पडेल. एक तर लोकर घरातून काढा, नाहीतर कुत्रं."

त्याच संध्याकाळी सगळी लोकर, सुया आणि राहिलेले अकरा स्वेटर समोरच्या दारात गेले. धाकटी म्हणाली, "मी विणते, तू पिल्लाकडे बघ. लोकर इकडे, कुत्रा तिकडे. झालं की!"

झालं नाही. खरं तर तिथूनच बिघडलं.

ताई आता रिकाम्या हातांनी जमिनीवर बसायची, रबरी चेंडू टाकायची, टाळ्या वाजवायची. "बादशहा! ए बादशहा! बाळा! इकडे, इकडे बघ!" बादशहा कोणी तरी पत्ता विचारतंय अशा नम्र कंटाळ्याने बघायचा. आणि दार किलकिलं झालं रे झालं, की चार पावलं एका उडीत पार करून थेट धाकटीच्या दारावर! पंजांनी खरवड, शेपटीने भिंत झोड. आत गेला की धाकटीच्या समोर बसून तिच्या तोंडाकडे एकटक बघत राहायचा.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हेही तिकडेच गेलं. आईची मांडी, बाईंचं कौतुक, मिरच्या, आणि आता कुत्रा!

"काय खायला घालतेस त्याला?"

"काही नाही ग, शपथ."

"हात दाखव." ताईने हात हुंगले. "साबणाचा वास येतोय."

"भांडी घासली आत्ता."

"म्हणजे पुरावा धुतलास."

मेहुणे वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले, "ताई, खरंच काही देत नाही हो ती. तो आपला येतो, बसतो, हिच्याकडे बघतो. माझ्याकडे तर कोणी असं लग्नातही पाहिलं नव्हतं."

"तुम्ही मध्ये पडू नका, मेहुणे."

"पडलो नाही, बसलोय."

ताईने दाराला कडी घातली. बादशहा कडीखाली बसून असं रडायचा, की तळमजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं, "बाळ कुणाचं आहे?" ताईने त्याला नवा चेंडू आणला, मऊ गादी आणली, स्वतःच्या हाताने भरवलं. रात्रीचं जेवण जाईना तिला. म्हाताऱ्याची आठवण यायची आणि तिच्यात आता एक काटा असायचा: तो माझा होता म्हणून माझ्याकडे होता, की त्याला बिचाऱ्याला दुसरं काही सुचलंच नाही म्हणून?

चाळिसावा दिवस गुरुवारी होता. ताईने बेत रचला. बुधवारी ती गोड आवाजात म्हणाली, "अग, बाई शुक्रवारी येणार आहेत. तू उद्या स्वेटर दुकानात पोचवून ये ना. सावकाश ये. बाजारही कर."

"एक बाही राहिलीय. ती झाली की निघते," धाकटी म्हणाली. ताईला वाटलं, दहापर्यंत जाईल.

गुरुवारी अकराला आसऱ्याच्या बाई आल्या. खोली बघितली, गादी बघितली, दात बघितले, कुत्र्याचे. "छान. असं का, हातानं भरवता? छान. आता हाक मारा."

ताईने पिल्लाला खोलीच्या एका टोकाला बसवलं, स्वतः दुसऱ्या टोकाला गेली. घसा साफ केला. "बादशहा!"

बादशहाने जांभई दिली.

"बादशहाऽ! ये! ये ना रे!" आवाज फाटला तिचा.

बादशहा स्वतःची शेपूट तपासू लागला. बाईंनी कागद उघडून पेनाचं टोपण काढलं. एवढ्यात समोरच्या दाराआडून, शेवटच्या बाहीच्या शेवटच्या ओळीवरून, खणखणीत आवाज आला: "...सुलट!"

पिल्लू बाणासारखं सुटलं आणि दारावर धडकलं. "...सुलट!" पुन्हा उडी. "...सुलट!" आता ते दोन पायांवर उभं राहून कडीकडे बघत भुंकत होतं, 'आलो, आलो, हे काय दार लावून ठेवलंय!'

बाईंनी टोपण लावलं. "असं का! याचं नाव सुलट आहे का? मग तुम्ही बादशहा बादशहा काय लावलंय मघापासून?"

ताई खाली बसली. तीन आठवडे. रोज आठ-आठ तास. त्या खोलीत दुसरा शब्दच कुठे होता! टोपलीतून ते बिचारं ऐकत होतं: एक बाई आपल्याकडे बघत दिवसभर सुलट म्हणते आणि डोकं खाजवते. मग एक दिवस ही बाई हाक मारायची बंद झाली, कोणा बादशहाला शोधत बसली, आणि समोरच्या घरातून मात्र आपल्याला हाका, दिवसभर, न थकता!

"सुलट," ती म्हणाली. या वेळी अगदी हळू.

पिल्लू वळलं. ताईच्या मांडीवर येऊन असं आदळलं, की ती भिंतीला टेकली.

"झालं," बाई म्हणाल्या. पण त्याच वेळी दार वाजलं. ताईने कडी काढली. हातात बाही घेऊन धाकटी उभी होती. "ताई, ही बघ, झाली. निघते मी आता." मग तिने बाईंना पाहिलं, कागद पाहिला. "आज आल्या? तू तर शुक्रवार म्हणालीस."

ताईने थापा मारायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "तू यापुढे सुलट म्हणायचं नाहीस. त्याचं नाव आहे ते. मी ठेवलंय. तू 'सरळ' म्हण, 'सीधा' म्हण, काय वाटेल ते म्हण."

धाकटी आजवर प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत आली होती. या वेळी म्हणाली नाही.

"आत्याने दोघींना शिकवलं होतं, ताई. मी का बदलू? चौदा वर्षं मी त्या दारात बिस्कीट घेऊन उभी होते. रोज. तुझा म्हातारा एकदा आला नाही. मेला, एकदासुद्धा नाही! घरात जाऊन मीच खायचे ते बिस्कीट. यांना विचार."

"खायची," मेहुण्यांनी आतून दुजोरा दिला. "रडत खायची."

ताई बघतच राहिली. धाकटी तिच्यावर जळत होती? तिच्यावर? पन्नास वर्षांत हे कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिला इतका आनंद झाला की तो लपवायला तिने पिल्लाच्या मानेत तोंड घातलं. जरा वेळाने, थोडी लाजसुद्धा वाटली. जराशीच.

"तुमचं ठरलं का?" बाईंनी कागद पुढे केला. मालकाच्या रकान्यात ताईने स्वतःचं नाव लिहिलं, सहीसह, मोठ्ठ्या अक्षरात. खाली आणखी एक रकाना होता: दिवसा प्राणी इतर कोणाकडे असल्यास. ताईने तो दोनदा वाचला. सुस्कारा टाकला. आणि लिहिलं, 'सकाळी बहिणीकडे.' मग 'सकाळी'च्या आधी 'फक्त' घुसडलं.

धाकटी खांद्यावरून वाचत होती. "सकाळ म्हणजे? बारापर्यंत?"

"साडेदहा."

"अकरा तरी."

"साडेदहा म्हटलं ना! आणि तुझी लोकर वर, कपाटात, कुलपात. मी येऊन बघणार."

"बघ की. साडेदहाला घ्यायला येशील तेव्हा चहा टाकते."

"चहा नको. कुत्रा तयार ठेव."

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना ती समोरच्या दारात उभी होती.